शीट किती लागतील?

यवतमाळात घराचं फर्निचर करून घेणारा माणूस पहिल्या भेटीत रंगाचं विचारत नाही, डिझाइनचं तर नाहीच. तो विचारतो, "शीट किती लागतील?" आठ बाय चार फुटांची प्लायची शीट हे आमच्या धंद्यातलं खरं चलन. अठरा मिलिमीटरची बरी शीट अडीच-तीन हजारांच्या घरात जाते. चार शीट इकडच्या तिकडे झाल्या की दहा हजार गेले, हे जिल्हा परिषदेच्या शिक्षकापासून वणीच्या कोळसा खाणीतल्या ऑपरेटरपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. मी काम सुरू केलं तेव्हा या प्रश्नाचं उत्तर देण्याचा अधिकार एकट्या मिस्त्रींकडे होता. ते खोलीच्या मधोमध उभे राहायचे, भिंतीवरून नजर फिरवायचे, कानामागची पेन्सिल काढून पुन्हा तिथेच ठेवायचे आणि म्हणायचे, "मॅडम, बाईस पकड़ लो." बावीसच का, हे विचारायची पद्धत नव्हती. माझ्याकडे डिप्लोमा होता, दारव्हा रोडवर ऑफिस होतं, बाहेर नावाची पाटी होती. शीटचा आकडा मात्र त्यांचा.

गेल्या काही वर्षांत मी कामाचा बराच भाग संगणकावर आणि आता एआयवर टाकला आहे. नागपूर-अमरावतीला इंटेरियर शिकणारी मुलंमुली फोन करतात आणि विचारतात, "मॅडम, तुम्ही कोणतं टूल वापरता?" त्यांना चित्रं काढणाऱ्या टूलचं नाव हवं असतं. माझा अनुभव वेगळा आहे. चित्रांच्या टूलनं मला थोडं काम मिळवून दिलं आणि लोकांची भरपूर समजूत काढायला लावली. धंदा सावरला तो शीट मोजणाऱ्या एका साध्या प्रोग्रॅमनं. त्याचं कौतुक कुणी करत नाही, म्हणून मीच करते.

हिशोब वहीतून बाहेर पडला तो जीएसटीमुळे. १ जुलै २०१७ ला तो लागू झाला तेव्हा प्लायवर २८ टक्के कर होता, त्याच नोव्हेंबरात तो १८ वर आला. आमचा हंगाम दिवाळी ते अक्षय्य तृतीया. म्हणजे दिवाळीच्या तोंडावर हातानं लिहून दिलेली सगळी एस्टिमेटं पुन्हा मांडायची वेळ आली. भाच्यानं एक्सेलमध्ये तक्ता करून दिला. कराचा आकडा वर एका खान्यात बदलला की खालच्या सगळ्या बेरजा क्षणात बदलत होत्या. ते पाहून झालेला आनंद पुढे कुठल्याही एआयनं दिला नाही.

तिथून कटलिस्टपर्यंत जायला वेळ लागला नाही. कपाटाची प्रत्येक फळी, म्हणजे बाजू, तळ, कप्पे, पाठ, ड्रॉवरचा दर्शनी भाग, हे सगळं मापासकट भरायचं. करवतीच्या पात्याची जाडी सांगायची, कारण प्रत्येक कापाला तीन-चार मिलिमीटरचा भुसा होतो. सनमायकाच्या रेषा उभ्या हव्यात की आडव्या ते सांगायचं. मग प्रोग्रॅम चित्र काढून दाखवतो: या शीटमधून या फळ्या, एवढा तुकडा उरेल, एकूण इतक्या शीट. असे प्रोग्रॅम फुकटही मिळतात. यात एआयचा काही चमत्कार नाही, जुनं गणित आहे. त्या गणिताचं मूळ प्लायवुडच्याच कारखान्यात आहे, हे कळल्यावर मला उगाच अभिमान वाटला. १९३० च्या दशकाच्या शेवटी लेनिनग्राडच्या प्लायवुड ट्रस्टनं लिओनिद कांतोरोविच या तरुण गणितज्ञाला विचारलं, वेगवेगळ्या जातीचं लाकूड वेगवेगळ्या यंत्रांना कसं वाटून दिलं तर माल जास्तीत जास्त निघेल? त्या प्रश्नातून १९३९ साली त्यांनी जी पद्धत मांडली, तिच्यात मालाची कापणी कमीत कमी वाया जाईल अशी कशी करावी, हेही होतं. १९७५ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आमच्या मिस्त्रींना मी हे सगळं हौसेनं सांगितलं. ते म्हणाले, "उसने कभी रंदा चलाया था क्या?"

कटलिस्टचा खरा परिणाम मात्र लाकडाच्या बचतीत दिसला नाही, तो नात्यांत दिसला. प्लायच्या व्यवहारात एक गोष्ट सगळ्यांना माहीत असते आणि कुणी बोलत नाही. दुकानदार मिस्त्रीला कमिशन देतो, डिझायनरलाही देतो. काही मालाच्या डब्यांतून आणि पुड्यांतून कुपनं निघतात, तीही मिस्त्रीचीच समजली जातात. त्यासाठी मिस्त्रीला नावं ठेवणं सोपं आहे. त्याची मजुरी चौरस फुटावर ठरते, तिच्यावर शेवटच्या रुपयापर्यंत घासाघीस होते, आणि त्यात घर चालत नाही, म्हणून तो पैसा या मागच्या दारानं येतो. पण त्यामुळे शीट जास्त लागणं हे ग्राहक सोडून सगळ्यांच्या सोयीचं होऊन बसतं. ग्राहकालाही वास येतो. काम सुरू असताना तो दिवसातून दोनदा साइटवर येऊन उरलेले तुकडे का मोजतो, ते मला फार वर्षं कळत नव्हतं.

नेरचे एक निवृत्त मुख्याध्यापक यवतमाळात घर बांधून राहायला आले होते. त्यांच्या कामाला मिस्त्रींनी बावीस शीट सांगितल्या, कटलिस्ट एकोणीस म्हणत होती. मी पहिल्यांदाच तो कापणीचा कागद एस्टिमेटला जोडून दिला. गुरुजींनी तो प्लास्टिकच्या फाइलमध्ये घातला आणि प्रत्येक शीट कापून झाली की तिच्यावर लाल पेननं बरोबरची खूण करत गेले. काम एकोणिसात झालं. विसावी आणावी लागली ती मध्येच बाईंनी माळ्याला दारं हवीत म्हटल्यामुळे, आणि त्याबद्दल गुरुजींची काही तक्रार नव्हती, निदान माझ्याकडे तरी नव्हती. फर्निचर कसं झालं याबद्दल ते फारसं बोलले नाहीत. कागदाबद्दल मात्र सगळ्या कॉलनीत बोलले. पुढे त्या एका कॉलनीतून मला जेवढी कामं मिळाली, तेवढी कुठल्याही जाहिरातीतून मिळाली नाहीत.

मिस्त्री मात्र गेले. भांडण केलं नाही, फोन उचलणं बंद केलं. प्लायच्या दुकानदारानंही एकदा चहा पाजून सुचवलं, की कागद वगैरे मोठ्या शहरात ठीक असतं. मग मी बसून हिशोब केला, की कमिशनमधून मिस्त्रीला वर्षभरात साधारण काय मिळत असेल. तेवढं मजुरीच्या दरात उघडपणे चढवलं, माझं कमिशन बंद केलं आणि माझी फी वाढवली. ग्राहकाला तीन वेगळे आकडे दिसू लागले: माल, मजुरी, डिझाइन. एकूण खर्च जवळपास तेवढाच राहिला, किंचित कमी झाला. वर्षभरानं मिस्त्री परत आले. नवा दर त्यांच्या कानावर गेला होता. आता शीट कमी लागली तर सगळ्यात जास्त खूश तेच असतात, कारण कापायला, चिकटवायला आणि तिसऱ्या मजल्यावर चढवायला ओझं कमी.

२०२० च्या टाळेबंदीत राजस्थान आणि उत्तर प्रदेशातले कारागीर गावी निघून गेले आणि अर्धवट कपाटं उघडी पडली. आमचे मिस्त्री इथेच राहिले, पण एकट्यानं किती करणार? त्या वेळी कटलिस्टचा दुसरा उपयोग झाला. नागपूरला लकडगंजच्या बाजूला पॅनल कापणारी आणि कडांना पट्टी चिकटवणारी मोठी यंत्रं असतात. मी यादी पाठवायची, तिथून प्रत्येक फळी कापून, नंबराचं स्टिकर लावून टेम्पोत भरून वर्धा-देवळी-कळंबमार्गे यायची. जोडणीला घाटंजी-आर्णीकडची आयटीआय झालेली पोरं घेतली. दोन महिन्यांचं काम तीन आठवड्यांत होऊ लागलं.

पहिला टेम्पो यायच्या आधीच मिस्त्रींनी एक अडचण सांगून ठेवली होती: "मशीन का काम सीधा है, दीवार सीधी नहीं है." लेझर टेपनं घेतलेलं माप मिलिमीटरपर्यंत अचूक असतं, पण ते एका रेषेवरचं असतं. आमच्याकडची भिंत खाली एक, छातीपाशी दुसरं आणि छताजवळ तिसरं माप दाखवते. गुण्या लावला तर कोपरा काटकोनात नाही, ओळंबा सोडला तर आठ फुटांत इंचभर फरक. साइटवर कापणारा सुतार हा फरक हातासरशी झिजवून टाकतो, नागपूरहून कापून आलेली फळी ऐकत नाही. म्हणून आमच्या तक्त्यात प्रत्येक भिंतीला रुंदीची तीन मापं आहेत आणि दोन्ही टोकांना फिलर पट्टीची जागा सोडलेली आहे. त्या रकान्याचं नाव 'मिस्त्री' असंच आहे. ऑफिसातल्या मुलींना तो रकाना भरल्याशिवाय यादी पुढे पाठवता येत नाही, तशी सोयच करून घेतली आहे.

आता चित्रांकडे येते. २०२२ च्या मध्यात मिडजर्नी आलं, त्या वर्षाच्या ३० नोव्हेंबरला चॅटजीपीटी. त्याआधी थ्रीडी व्ह्यू हवा असेल तर अमरावतीचा एक मुलगा तो करून द्यायचा. एका व्ह्यूला तीन-चार दिवस, आणि ग्राहकानं सोफा बदलला की पुन्हा तेवढेच. आता पहिल्या बैठकीसाठीचं ढोबळ चित्र मी ग्राहकासमोर बसून काढते. त्या मुलाला काम देणं हळूहळू थांबलं. पक्क्या मापाचे व्ह्यू काही दिवस त्याच्याकडे जात होते, मग तेही ऑफिसातच होऊ लागले. तो आता एका बिल्डरकडे साइट सांभाळतो, भेटला की नीट बोलतो. एआयनं कुणाची नोकरी जात नाही असं व्यासपीठावरून ऐकते तेव्हा मी गप्प बसते, कारण एक काम मी स्वतः काढून घेतलं आहे.

पण ही चित्रं विदर्भाला ओळखत नाहीत. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ पर्यंत जातो, रात्री पंख्याची हवासुद्धा गरम लागते. बेडरूममध्ये एसी आले असले तरी हॉल थंड करतो तो कूलर. कूलरला खिडकी लागते, बाहेर मजबूत स्टँड लागतो, पाण्याचा पाइप जवळ लागतो, आणि हवा पुढे निघून जायला समोरची खिडकी किंवा दार उघडं लागतं, नाहीतर खोली नुसती चिकट होते. त्याचा दमट झोत चार महिने ज्या कपाटावर पडतो, त्याला साधी एमआर प्लाय लावली तर कडा फुगतात. तिथे आम्ही पाण्याला जास्त टिकणारी बीडब्ल्यूआर प्लाय लावतो, मागच्या न दिसणाऱ्या कडासुद्धा बंद करतो. सिंकखाली तर आयएस ७१० चीच, म्हणजे मरीन प्लाय. कूलरच्या डोक्यावर पीओपीचं नक्षीकाम केलं तर दुसऱ्या उन्हाळ्यात पिवळे डाग. तेव्हा यवतमाळच्या हॉलची आखणी कूलरच्या खिडकीपासून सुरू होते, टीव्हीची भिंत त्यानंतर ठरते. एआयच्या चित्रात कूलर नसतोच. तिथे पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच असते आणि काचेपलीकडे सुंदर संध्याकाळ. एप्रिलमध्ये दुपारी चार वाजता त्या काचेजवळच्या सोफ्यावर कुणी बसून दाखवावं.

पुसदकडच्या एका घरी मी असं चित्र मोठ्या स्क्रीनवर दाखवत होते. मुलगा-सून हरखून गेले. आजी बराच वेळ बघून म्हणाल्या, "सुंदर हाय बाई. पण यात पाहुणा झोपन कुठं?" खरंच जागा नव्हती. दिवाण नव्हता, सोफा एवढा अवजड की लग्नाच्या घरी तो सरकवून गाद्या टाकता येणार नाहीत, आणि वर्षाच्या धान्याच्या कोठ्या ठेवायला कोपरा नव्हता. आजींच्या त्या वाक्यानंतर मी एआयला द्यायचा एक परिच्छेदच लिहून ठेवला. कूलरची खिडकी, दिवाण, छोट्या पश्चिम खिडक्या, देवघर, धान्याची जागा, इन्व्हर्टर. प्रत्येक चित्राआधी तो परिच्छेद चिकटवायचा. त्यानं फरक पडतो, तरी परवाच कूलर खोलीच्या मधोमध शोभेच्या वस्तूसारखा ठेवलेला मिळाला.

२०२५ पासून उलटा प्रवाह सुरू झाला आहे. ग्राहकच आपल्या खोलीचा फोटो फोनला देऊन चित्र करून आणतात. मला हे आवडतं, कारण त्यांना काय आवडतं ते न बोलता कळतं. त्रास दोन ठिकाणी होतो. एक, वास्तूचा. वणीच्या एका जोडप्यात नवऱ्याच्या फोननं स्वयंपाकघर आग्नेयेलाच हवं सांगितलं आणि बायकोच्या फोननं वायव्येलाही चालेल असं सांगितलं. दोघंही एकाच ॲपला विचारत होते. पाण्याची लाइन जिथे होती तिथेच शेवटी ओटा झाला. दुसरा त्रास दराचा. फोन जे दर सांगतो ते कुठल्या शहराचे, कुठल्या वर्षाचे, प्लाय कोणती धरून, काही कळत नाही. त्यावर वाद घालण्यात वेळ जातो हे लक्षात आल्यावर मी आमच्याच पूर्ण झालेल्या कामांचा तक्ता नावं काढून समोर ठेवू लागले: एवढ्या मापाचं किचन, ही प्लाय, हा खर्च झाला. फोन बाजूला ठेवला जातो.

पैशांची आठवण करून देणं हे काम यंत्राला द्यावं, असा सल्ला प्रत्येक जण देतो. मीही दिलं. पण या सॉफ्टवेअरमध्ये हप्ते तारखेवर किंवा कामाच्या टप्प्यावर बांधलेले असतात. आमच्याकडचा शेतकरी सांगतो, "कापसाचा चुकारा आला की देतो." वेचणी दसऱ्या-दिवाळीपासून, विक्री पुढे भाव बघून फेब्रुवारीपर्यंत. शिक्षक फरकाच्या रकमेवर बोलतात, खाणीतले लोक बोनसवर. तारखेवर निघालेला संदेश त्यांच्यापर्यंत पोचतो, पण पैसे निघत नाहीत, मन मात्र दुखावतं. त्यात एआयनं लिहिलेलं मराठी: 'आपणास नम्रपणे स्मरण करून देण्यात येते की देय रक्कम...' कळंबकडून एका भाऊंचा फोन आला, "ताई, वकील लावला का आमच्यावर?" आता आमच्या यादीत तारखेच्या जागी 'कशावर' असा रकाना आहे. चुकारा, फरक, बोनस, सोसायटीचं कर्ज. आठवणीचा पहिला संदेश एका ओळीचा, माझ्या शब्दांत, आपोआप जातो. दुसरी आठवण यंत्र देत नाही, मी फोन करते. वसुली सुधारली, ती मुख्यतः या फोनमुळे. कुणाला करायचा ते यंत्र सांगतं.

काही गोष्टी मी कुठल्याच यंत्राला देत नाही. एका सराफांच्या घराचं काम होतं. तिजोरी कुठल्या कपाटामागे जाणार, ती चित्रात दिसू नये, यादीत येऊ नये आणि फोनमध्ये तर मुळीच असू नये, ही त्यांची अट. मला ती तेव्हा अति वाटली, आता वाटत नाही. घराचा नकाशा, खिडक्यांच्या जाळ्या, मौल्यवान वस्तूंची जागा, म्हातारी माणसं कुठल्या खोलीत एकटी झोपतात, हे सगळं आमच्या फाइलींत असतं, आणि या फाइली आम्ही कुठल्याशा दूरच्या सर्व्हरवर निर्धास्तपणे चढवतो. त्या घराची तिजोरी कागदावर आखली. काम झाल्यावर कागद त्यांच्या हाती दिला. आता प्रत्येक ग्राहकाला मी आधी विचारते, तुमच्या घराचे फोटो एआयला दिले तर चालेल का. बहुतेक जण हो म्हणतात. बायका जरा थांबून हो म्हणतात.

खर्चाचंही सांगून टाकते. सगळ्या टूलच्या महिन्याच्या वर्गण्या एकत्र केल्या तर त्या माझ्या ऑफिसच्या भाड्याच्या आसपास जातात, आणि त्यातल्या दोन-तीन मी वर्षाकाठी बंद करते. कटलिस्ट आणि हिशोबाचा तक्ता यांना हात लावत नाही. चित्रांचं टूल उद्या बंद झालं तर एक पेन्सिल घेऊन मी ग्राहकासमोर बसू शकते, आधी तेच करत होते.

तुम्ही यवतमाळात, पुसदला, दिग्रसला किंवा कुठेही घराचं काम काढणार असाल, तर डिझायनरकडे किंवा मिस्त्रीकडे चित्राच्या आधी कापणीचा कागद मागा. माल, मजुरी आणि फी वेगवेगळी लिहून घ्या. मजुरीत फार ताणू नका, ताणलेले पैसे प्लायमधून जातातच. उरलेले तुकडे घरी ठेवा, माळ्याच्या दाराला लागतात. आणि कागद द्यायला कुणी कां-कूं करत असेल, तर दुसरीकडे विचारा.